मार्कोस आधी मोजणीत पडला, मग रस्त्यावर

दाभोळ-जयगडपासून मालवणपर्यंतची आपली बरीच पोरं जहाजावर आहेत, आणि त्यांच्या जोडीला फिलिपिनो खलाशी असतात. त्यामुळे फिलिपिन्सचा हुकूमशहा मार्कोस याची गोष्ट आपल्याकडे कानावर आलेली असते : लोक रस्त्यावर उतरले, रणगाडे थांबले, हुकूमशहा पळाला. पण २० वर्षं गादीवर बसलेला माणूस नुसत्या चार दिवसांच्या गर्दीने जात नाही.

७ फेब्रुवारी १९८६ला मतदान झालं. निवडणूक आयोग मार्कोसच्या मुठीत होता. म्हणून नामफ्रेल या नागरिकांच्या संघटनेने सुमारे ५ लाख स्वयंसेवक उभे केले. मतं केंद्रावरच मोजली जात, हर्णैच्या बंदरावर लिलाव होतो तशी, चारचौघांसमोर. घोळ व्हायचा तो पुढे, आकडे वर जाताना. म्हणून मोजणी संपेपर्यंत जागचं हलायचं नाही, सहीच्या निकालपत्रकाची प्रत घ्यायची आणि आकडा थेट मनिलात ला साल ग्रीनहिल्स शाळेच्या जिममध्ये पोचवायचा. तिथे स्वतंत्र बेरीज चालू होती.

अडचणी भरपूर आल्या. मतपेट्या पळवल्या गेल्या, यादीतून नावं गायब झाली, स्वयंसेवकांना मार बसला. हाती आले ते ७० टक्के केंद्रांच्या आसपासचे आकडे. त्यात विरोधी उमेदवार कोराझोन अक्विनो ७८ लाख, मार्कोस साडेसत्तर लाख. आयोगाच्या हिशेबात मात्र मार्कोस १ कोटी ८ लाख, अक्विनो ९३ लाख! त्याआधीच, ९ तारखेच्या रात्री, आयोगाचे ३०हून जास्त संगणक कर्मचारी काम टाकून बाहेर पडले होते. त्यांच्या यंत्रावरचा आकडा आणि फलकावरचा आकडा जुळत नव्हता.

२२ तारखेला संरक्षणमंत्री एन्रिले आणि सैन्याचे उपप्रमुख रामोस मार्कोसपासून फुटले. मनिलाचे आर्चबिशप कार्डिनल सिन यांनी चर्चच्या रेडिओ व्हेरितासवरून हाक दिली, लोक मनिलातल्या एड्सा रस्त्यावर जमले. रेडिओचा प्रक्षेपक फोडला तर दुसऱ्या केंद्रावरून आवाज चालू ठेवला. सैनिक गोळी घालायला कचरले, त्यामागे माझ्या मते हेही होतं की हुकूम देणारा हरलाय हे तोवर सगळ्या देशाला कळलं होतं. २५च्या रात्री मार्कोस पळाला.

आपल्याकडे विधानसभा-लोकसभेला केंद्राध्यक्ष मतदान संपल्यावर हजर एजंटांना नमुना १७-सीची सहीची प्रत देतो. त्यात उमेदवारवार मतं नसतात, एकूण किती मतं पडली एवढंच असतं. तरी मोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा ताडून बघायला तोच कागद लागतो. शेवटची एसटी चुकेल म्हणून एजंट पाचलाच निघतात, हे बंद करा. प्रत हातात पडल्याशिवाय केंद्र सोडू नका.