नोटरी झाली म्हणजे चालू धंदा तुमचा झाला?

व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चालू दुकान किंवा हॉटेल विकत घेताना वकील-सीएंवर पैसे घालवू नका. ५०० च्या स्टॅम्पवर ‘आजपर्यंतची सर्व देणी विकणाऱ्याची’ एवढं लिहून नोटरी करा. परवाने धंद्याबरोबरच येतात, जागेचा करारही चालू राहतो. जुने कामगार नव्याने लावले असं दाखवा. आणि विकणाऱ्याने उद्या समोरच दुकान थाटलं तर त्याला कायद्याने अडवता येत नाही, तेव्हा तसली अट घालत बसू नका.

देण्यांपासून सुरुवात करतो, कारण माणसं बुडतात ती इथेच. ते वाक्य करारात असायला हरकत नाही. पण त्याने बांधले जाता तुम्ही दोघं. जीएसटी खात्याची त्या कागदावर सही नसते. केंद्रीय जीएसटी कायद्याचं (२०१७) कलम ८५ म्हणतं, की धंदा विक्रीने, बक्षीस म्हणून, भाडेपट्ट्याने किंवा आणखी कसाही दुसऱ्याकडे गेला, तर त्या दिवसापर्यंतचा कर, व्याज आणि दंड यांना देणारा आणि घेणारा दोघंही जबाबदार. खातं दोघांकडून वसूल करील किंवा एकाकडूनच सगळं घेईल. शिवाय ही रक्कम विक्रीआधी ठरलेली असो, नाहीतर विक्रीनंतर ठरो.

हे ‘विक्रीनंतर ठरो’ नीट वाचा. आज थकबाकी शून्य आहे म्हणून निर्धास्त होता येत नाही. २०२४-२५ पासूनच्या वर्षांसाठी नोटीस काढायला खात्याला वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ४२ महिने मिळतात. म्हणजे जुन्या मालकाने २०२४-२५ मध्ये इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) चुकीचं घेतलं असेल, तर त्याची नोटीस २०२९ च्या जूनपर्यंत येऊ शकते. तोवर तो गाव सोडून गेलेला असतो, फोन लागत नाही, आणि दुकानाचं शटर तर तुमच्या ताब्यात. वसुलीचा माणूस कुठे जाईल? तुम्ही आधी भरायचं आणि मग त्याच्यावर दावा लावायचा, एवढीच त्या वाक्याची ताकद.

म्हणून जाणती माणसं किमतीचा काही हिस्सा वर्ष-दोन वर्षं हातात राखून ठेवतात आणि तसं करारात लिहून घेतात. त्याआधी एक फुकटचं काम करा. जीएसटी पोर्टलवर विकणाऱ्याचा नंबर टाकला की त्याने कोणत्या महिन्याचं विवरणपत्र कोणत्या तारखेला भरलं ते कुणालाही दिसतं. तिथे खंड दिसले तर पुढचे प्रश्न आपोआप सुचतील. शिल्लक क्रेडिटही विचारा. देण्यांसकट धंदा घेतल्याची तरतूद करारात असेल आणि सीएचं प्रमाणपत्र जोडलं, तर ते आयटीसी-०२ फॉर्म भरून तुमच्याकडे घेता येतं. ‘देणी विकणाऱ्याची’ असं लिहून ठेवणाऱ्याला मात्र हा दरवाजा बंद, तेव्हा दोन्ही तोलून ठरवा.

भविष्य निर्वाह निधीचंही तसंच. १९५२ च्या कायद्याच्या कलम १७-ब प्रमाणे जुन्या थकबाकीला दोघं जबाबदार. घेणाऱ्याला दिलासा एवढाच, की जेवढ्या किमतीची मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हे तत्त्व सोडलेलं नाही. आणि घेताय ते प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे शेअर्स असतील, तर हा सगळा संदेशच गैरलागू. कंपनी तीच राहते, तिची देणी तिच्याच डोक्यावर राहतात. बदलतो तो फक्त मालक.

परवान्यांचा मुद्दा पटकन संपतो. जीएसटी नंबर पॅनला जोडलेला असतो, तुम्हाला तुमचाच काढावा लागतो. अन्न परवानाही नव्या मालकाच्या नावाने नवा. औषध दुकानाच्या फर्ममध्ये भागीदार बदलले, तर चालू परवाना जास्तीत जास्त तीन महिने तग धरतो.

कामगारांबद्दलचा सल्ला तर सरळ खड्ड्यात घालणारा आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५-एफएफ होतं. तीच तरतूद आता औद्योगिक संबंध संहितेत आली आहे. मालक बदलला, की वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला नोकरकपात झाल्यासारखी नोटीस आणि भरपाई मिळते: सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. ही भरपाई टळते ती सेवा अखंड राहिली, अटी आधीपेक्षा कमी झाल्या नाहीत आणि पुढे कधी नोकरकपात झालीच तर जुनी वर्षं धरून भरपाई द्यायचं नव्या मालकाने मान्य केलं तर. बेकरीच्या भट्टीवर १२ वर्षं उभ्या असलेल्या कारागिराला ‘आजपासून नवा’ दाखवलंत, की त्याच दिवशी १८० दिवसांच्या पगाराचा हक्क उभा राहिला. एरवी तो खर्च झालाच नसता.

जागा लिव्ह अँड लायसन्सवर असेल तर तो परवाना व्यक्तीपुरता असतो. करारात मुभा नसेल तर दुसऱ्याला देता येत नाही. पागडीच्या जागेत पैशांची देवाणघेवाण १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याला मान्य आहे, पण घरमालकाला वगळून नाही. बेकायदा हस्तांतर हे जागा खाली करायला लावण्याचं कारण ठरतं. इसार देण्याआधी घरमालकाला भेटा.

राहिला तो स्टॅम्प. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये हा किमान दर आहे, कुठल्याही कागदाला पुरणारा नव्हे. चल मालमत्तेच्या अभिहस्तांतरणाला (विक्रीच्या कागदाला) ३ टक्के लागतात. कमी मुद्रांकाचा कागद कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. फरक आणि वर दरमहा २ टक्के दंड भरल्याशिवाय तो वाचलाही जात नाही. नोटरीच्या शिक्क्याने यात काही फरक पडत नाही.

आता समोरच्या दुकानाचं. धंद्याला आडकाठी करणारा करार रद्दबातल, असं १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ म्हणतं. संदेश लिहिणारा तिथेच थांबलेला दिसतो. त्याच कलमात अपवाद आहे: गुडविल (धंद्याचं नाव आणि बांधलेलं गिऱ्हाईक) विकणाऱ्याला, ठरलेल्या वाजवी हद्दीत, घेणारा तो धंदा चालवतोय तोवर, तसाच धंदा न करण्याची अट घालता येते. म्हणजे ‘कोथरूडमध्ये मिठाईचं दुकान काढणार नाही’ ही अट टिकू शकते, ‘भारतात कुठेही नाही’ ही टिकणं अवघड. मात्र गुडविल खरोखर विकलेलं असावं लागतं. स्टॅम्प वाचवायला कागदावर फक्त फर्निचर आणि फ्रीजची किंमत दाखवलीत, तर हा अपवाद कुठल्या आधारावर मागणार?