ड्रोन का पडले, हे सांगायला हवे

१८ सप्टेंबर २०२४ रोजी भारतीय नौदलाचे भाडेतत्त्वावर घेतलेले एक सीगार्डियन मानवरहित विमान तांत्रिक बिघाडामुळे चेन्नईजवळच्या बंगालच्या उपसागरात उतरवावे लागले. पुढच्या जानेवारीत दृष्टी-१० हे हैदराबादला जुळणी झालेले आणि मुळात इस्रायली आराखड्याचे ड्रोन नौदलाच्या ताब्यात जाण्यापूर्वीच्या चाचणीत पोरबंदरजवळ समुद्रात पडले. त्याआधी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेचे तपस हे ड्रोन कर्नाटकातल्या चित्रदुर्ग जिल्ह्यात एका शेतात कोसळले होते. तिन्ही वेळा प्राणहानी झाली नाही, हे आपले सुदैव. मात्र त्यावर मायदेशात झालेली चर्चा परदेशातून वाचताना मला एक गोष्ट सतत खटकत राहिली. तपस पडले तेव्हा सरकारी संशोधन संस्थांच्या नाकर्तेपणावर टीका झाली, सीगार्डियन पडले तेव्हा अमेरिकी मालाच्या किमतीवर झाली आणि दृष्टी पडले तेव्हा ते जुळवणाऱ्या अदानी उद्योगसमूहाच्या राजकीय जवळिकीवर झाली. विमान कोणी बनवले यावर आपण हिरिरीने भांडलो. ते का पडले, हा प्रश्न मात्र तिन्ही वेळा बाजूला राहिला.

मी वेल्समध्ये राहतो. इथल्या पश्चिम किनाऱ्यावर, कार्डिगन उपसागराच्या काठी, अबरपोर्थ नावाचे छोटे गाव आहे आणि त्याच्याजवळच्या विमानतळावरून ब्रिटिश लष्कराच्या वॉचकीपर या ड्रोनची चाचणी-उड्डाणे होत असत. २००५ मध्ये थेल्स कंपनीला याचे कंत्राट मिळाले, ५४ विमानांची मागणी होती आणि ती २०१० च्या सुमारास सेवेत यायची होती. प्रत्यक्षात लष्कराला ती वापरता येऊ लागली २०१४ मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरात एक वॉचकीपर अबरपोर्थला कोसळले. नोव्हेंबर २०१५ मध्ये दुसरे इंग्लंडमधल्या बॉस्कम डाउन या लष्करी विमानतळावर पडले, २०१७ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये एकामागोमाग दोन उपसागरात बुडाली आणि जून २०१८ मध्ये पाचवे पुन्हा अबरपोर्थलाच पडले.

या अपघातांबद्दल मी इतके सांगू शकतो ते माझी कोणा लष्करी अधिकाऱ्याशी ओळख आहे म्हणून नव्हे. ब्रिटनच्या संरक्षण सुरक्षा प्राधिकरणाने त्यांचे चौकशी अहवाल जाहीर केले, म्हणून. काही ओळी आणि काही नावे काळी केलेली असली तरी विमानात सेकंदासेकंदाला काय घडले, जमिनीवरच्या चालकाला पडद्यावर काय दिसत होते आणि त्याने कोणता निर्णय का घेतला, हे सामान्य नागरिकाला वाचता येते. २०१४ च्या अपघातात ढगांमुळे उंची मोजणाऱ्या लेझर यंत्रणेने चुकीची नोंद दिली आणि विमान अजून हवेत असताना जमिनीला चाके टेकली असे त्याच्या संगणकाने गृहीत धरले. अशा वेळी आड येणारी सुरक्षाव्यवस्था, उतरणे रद्द होऊ नये म्हणून, चालकांनी स्वतःच बंद केलेली होती. पुढच्या वर्षीच्या अपघातातही जमीन टेकल्याचा चुकीचा समज आणि बंद केलेली सुरक्षाव्यवस्था हीच जोडी होती. २०१८ मध्ये नेमके उलट झाले. विमान खाली टेकले तरी त्याची नोंद वेळेत झाली नाही, म्हणून संगणकाने आपणहून पुन्हा वर चढायला सुरुवात केली. विमान धावपट्टी सोडून गवतात शिरत आहे असे वाटल्याने चालकाने इंजिन बंद केले आणि तोवर हवेत उठलेले ते यंत्र तसेच तरंगत जाऊन धावपट्टीच्या पलीकडे एका झाडावर आदळले.

हे तपशील मी मुद्दाम विस्ताराने देतो आहे, कारण मानवरहित विमानांच्या विश्वासार्हतेचे सगळे मर्म त्यांत आहे. 'यंत्रात बिघाड' किंवा 'माणसाची चूक' अशा दोन खणांत हे अपघात बसत नाहीत. वैमानिक विमानात बसलेला असतो तेव्हा इंजिनाच्या आवाजातला बदल, अंगाला जाणवणारा झोल, काचेवर साचणारा बर्फ या सगळ्यांतून त्याला धोक्याची चाहूल लागते. जमिनीवरच्या केबिनमध्ये बसलेल्या चालकाकडे फक्त पडद्यावरचे आकडे असतात, आणि उपग्रहामार्गे संपर्क असेल तर तेही किंचित उशिराने येतात. शिवाय वजन आणि खर्च वाचवण्यासाठी या विमानांना बहुधा एकच इंजिन असते. संपर्क तुटला तर ठरवून दिलेल्या मार्गाने परत यायचे, हा आदेश त्यांच्यात आधीच भरलेला असतो, पण तो दर वेळी पाळला जातोच असे नाही. सप्टेंबर २००९ मध्ये अफगाणिस्तानात नियंत्रणाबाहेर गेलेले रीपर ड्रोन अमेरिकेला स्वतःच्याच लढाऊ विमानाकरवी पाडावे लागले होते. डिसेंबर २०१७ मध्ये आपले एक हेरॉन ड्रोन सिक्कीम भागात संपर्क तुटून सीमेपलीकडे पडले आणि चीनने त्यावर निषेध नोंदवला, हे अनेकांना आठवत असेल.

एप्रिल २००६ मध्ये अमेरिकेच्या सीमा-दलाचे एक प्रिडेटर ड्रोन ॲरिझोनातल्या नोगालेसजवळ पडले. चालकाच्या समोरचे नियंत्रण-फलक गोठले, म्हणून त्याने शेजारच्या फलकाकडे ताबा घेतला. तिथे जी कळ कॅमेऱ्यासाठी वापरली जात होती तीच ताबा बदलताच इंधनाची कळ झाली, आणि ती 'बंद'वर होती. ताबा बदलण्यापूर्वीची तपासणी-यादी वाचली असती तर हे टळले असते. नागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने याचा तपास करून निष्कर्ष सर्वांसमोर ठेवले. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' असे आपण म्हणतो, पण पुढच्याला ठेच नेमकी कशाची लागली हे कळले नाही तर मागच्याने शहाणे व्हायचे कसे?

इथले सगळे चांगले चालले आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. अहवाल जाहीर झाले म्हणून वॉचकीपर सुधारले असे झाले नाही. प्रचंड खर्चानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी ते सेवेतून काढून टाकण्याची घोषणा केली. मात्र पैसा वाया गेला हे इथल्या नागरिकाला समजले, आणि तो का वाया गेला हेही पुराव्यानिशी समजले. अमेरिकेतही २००१ पासून लष्कराची चारशेहून अधिक मोठी ड्रोन पडली, हे २०१४ मध्ये एका वृत्तपत्राने माहितीच्या अधिकारात मिळवलेल्या कागदांवरून उघड केले. लष्कराने ते आनंदाने सांगितले नव्हते. पण कागद होते आणि कायद्याने ते द्यावे लागले.

आपल्याकडे 'कोर्ट ऑफ इन्क्वायरी'चा, म्हणजे सैन्यदलाच्या अंतर्गत चौकशीचा, आदेश दिला गेल्याची एक ओळ येते आणि विषय तिथेच थांबतो. लष्कराने घेतलेली डीआरडीओची चारही निशांत ड्रोन विमाने एकेक करून पडली, शेवटचे नोव्हेंबर २०१५ मध्ये जैसलमेरजवळ, आणि पुढची खरेदी रद्द झाली. त्या निशांतसाठी देशी वॅन्केल (फिरत्या दट्ट्याचे) इंजिन विकसित करण्यात नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, वाहन संशोधन व विकास संस्थेचा वाटा होता. त्या अभियंत्यांच्या कामाला त्या अपघातांतून काय शिकता आले, इंजिन निर्दोष होते की नव्हते, की दोष हवाई छत्रीने उतरवण्याच्या पद्धतीत होता, हे आपल्या करदात्याला आणि नव्याने या क्षेत्रात येणाऱ्या विद्यार्थ्याला कुठे वाचायला मिळते? डीआरडीओ माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने भ्रष्टाचार वा मानवी हक्कभंगाचा आरोप वगळता तिच्याकडून माहिती मागताही येत नाही. गुप्ततेने अपयशी संस्थेचे रक्षण होते तसाच प्रामाणिक अभियंत्यावर अन्यायही होतो, कारण त्याच्या बाजूने बोलणारा पुरावा त्याच कपाटात बंद असतो.

यावर मिळणारे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते मी हलके मानत नाही. आपल्या दोन्ही सीमांवर शत्रुत्व आहे, ब्रिटनच्या नाही. आपल्या ड्रोनचे दुबळेपण जाहीर केले तर ते आधी इस्लामाबाद आणि बीजिंगमध्ये वाचले जाईल. संपर्काच्या वारंवारिता, संवेदकांची क्षमता, मोहिमेचा मार्ग हे सारे झाकलेच पाहिजे. पण उतरताना सुरक्षाव्यवस्था बंद ठेवली होती की नाही, देखभालीचा कालावधी पाळला होता की नाही, दर लाख उड्डाण-तासांमागे किती विमाने पडतात, या माहितीने शत्रूच्या हाती काही लागत नाही. मानवी वैमानिक असलेल्या विमानांच्या अपघातांची संख्या आणि त्यांची कारणे संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती छापतेच. त्याने हवाई दल दुबळे झालेले नाही.

पडण्यासाठीच बनवलेल्या स्वस्त यंत्रांची गोष्ट वेगळी आहे. नागपूरजवळ तयार होणारे नागास्त्र हे छोटे आत्मघाती ड्रोन लक्ष्यावर आदळून नष्ट व्हावे यासाठीच असते, आणि लक्ष्य सापडले नाही तर हवाई छत्रीने परत उतरते. त्याला सीगार्डियनचे निकष लावणे चूक ठरेल. सीगार्डियनचे उड्डाणावेळचे एकूण वजन मात्र साडेपाच टनांहून अधिक असू शकते, त्याच्या पंखांचा विस्तार २४ मीटर आहे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने याच घराण्यातली ३१ विमाने घेण्याचा करार केला आहे: १५ नौदलासाठी आणि प्रत्येकी ८ लष्कर व हवाई दलासाठी. वेल्समध्ये अशा उड्डाणांखाली समुद्र आणि मेंढ्यांची कुरणे आहेत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खाली गाव असते. चित्रदुर्गच्या शेतात पडलेले तपस पाहायला धावत आलेली माणसे मी चित्रफितीत पाहिली, आणि ते यंत्र एखाद्या वस्तीवर आले असते तर, हा विचार मनातून गेला नाही.

करारातली ही विमाने यायला अजून अवधी आहे. तोवर सीगार्डियनच्या आणि पोरबंदरच्या अपघाताचा, संवेदनशील भाग झाकलेला का होईना, चौकशी अहवाल संसदेपुढे ठेवावा, अशी मागणी महाराष्ट्रातले खासदार पक्षभेद बाजूला ठेवून करू शकतात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. संसदेत लेखी उत्तरासाठी विचारलेला एक प्रश्न पुरेसा आहे, आणि त्यात उड्डाण-तासांची संख्या, पडलेल्या विमानांची संख्या व प्रत्येक अपघाताचे ठरलेले कारण, एवढेच विचारायचे आहे.