आपला तालुका नक्षलग्रस्त कसा कराल?

ऑक्टोबर २०२५मध्ये नक्षलवाद्यांचा बडा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. 'नक्षलग्रस्त' यादीत आता जागा रिकाम्या होणार. यादीतल्या भागात सरकारी कर्मचाऱ्याला वरची वेतनश्रेणी, भागाला खास निधी. नुसत्या मागासाला कोण विचारतं? तेव्हा तुमच्या तालुक्याने आत्ताच तयारीला लागावं. वेळ लागतो, पण येतं.

पहिलं पथ्य, सरकारने आधी पोचायचं नाही. गडचिरोलीत आंध्रातून दलम, म्हणजे नक्षलवाद्यांची सशस्त्र तुकडी, आलं १९८०च्या सुमाराला. चंद्रपूर तोडून जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ला. कलेक्टरआधी दादा, म्हणजे दलमवाला. तोवर सरकार म्हणून एक फॉरेस्ट गार्ड पुष्कळ झाला. नांगराला लाकूड आणलं की कोंबडी, घराला आणलं की बकरी, असा दर ठेवा. पावती मागण्याइतकी शाळा गावात नसावी, म्हणजे झालं.

मग तेंदू, म्हणजे विडीचं पान. बाई पहाटे जंगलात शिरते, भर मे महिन्यात पानं तोडते, सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधून फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, आणते. तिथे ठेकेदाराच्या मुनशीने 'पान फाटकं' म्हणत पुडकी बाजूला टाकायची आणि उरलेल्यांचे पैसे मोजायचे, रुपये नव्हे, पैसेच. एवढं नेटाने केलंत की पुढचं काम सोपं. बंदूकवाला येतो, ठेकेदाराला दम देऊन दर वाढवून घेतो, आणि माओचं नावही न ऐकलेलं गाव त्याला मानू लागतं. कामगार खात्याचं काम परस्पर झालं, तेही बिनपगारी.

बिनपगारी म्हणजे अगदी तसंही नाही. हाच दादा पुढे त्याच ठेकेदाराकडून हप्ता घेतो, रस्त्याचं काम बंद पाडतो आणि एखाद्याला रात्री 'खबऱ्या' म्हणून घरातून उठवून नेतो. रस्ता का नाही, याचं उत्तरही तुम्हाला आयतं मिळतं.

बांबूत मात्र कसर नको. तो गवत आहे हे वनस्पतिशास्त्राचं म्हणणं. १९२७च्या वन कायद्यात तो झाड होता. २००६च्या वनहक्क कायद्याने तो गावाचा ठरला, तरी घाबरायचं कारण नव्हतं, तो जंगलाबाहेर न्यायचा वाहतूक पास पुढेही काही वर्षं वनखात्याच्याच हातात राहिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. आणि पासचं पुस्तक? ते द्यायला एप्रिल २०११मध्ये थेट दिल्लीहून केंद्रीय मंत्री जयराम रमेश यावे लागले. या चिकाटीला दाद द्या! पण असं गाव तुमच्या हद्दीत असेल तर सांभाळा. ग्रामसभा स्वतःच बांबू विकू लागली, हिशेब फळ्यावर लिहू लागली, की दलमलाही काम उरत नाही आणि तुम्हालाही.

मनुष्यबळाची चिंता नसावी. १९९०पासून पोलिसांच्या सी-६० या नक्षलविरोधी पथकात इथलीच पोरं आहेत, दलममध्येही इथलीच. १ मे २०१९ला, महाराष्ट्र दिनी, जांभूळखेड्याजवळ सुरुंगाने १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. श्रद्धांजलीचा मसुदा तयार ठेवावा, ऐन वेळी धांदल होते.

बाकी रोजचं काम फार नाही. सकाळी निघून, नाला ओलांडून, दुपारी एखादा पोरगा खिडकीशी येईल. तिसऱ्यांदा आलेला असेल. त्याला सांगायचं, साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी ये.