पाचशे डोकी जमवा, रस्ता न्या

वाडीला रस्ता पाहिजे ना? मग निवेदनं देत हिंडू नका, आधी डोकी मोजा. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली, तेव्हापासून सपाटीवरच्या वस्तीचा भाव ठरलेला आहे: पाचशे माणसं. डोंगरी आणि आदिवासी भागाला अडीचशेची सवलत. तुमची वाडी समजा ४९२ ची असेल, तर आठ माणसं कमी पडतात. चिखल भरपूर आहे हो, पण चिखल मोजत नाहीत.

लगेच लग्नाच्या बोलाचालीला लागू नका. योजनेचा चौथा टप्पा २०२४ साली मंजूर झाला, तरी डोकी धरली २०११ च्या जनगणनेची. म्हणजे पाळणा हलवायचाच असेल तर तो २०११ च्या आधी हलवा. त्यानंतर गेलेल्या म्हाताऱ्यांची मात्र काळजी करू नका, ते कागदावर ठणठणीत आहेत आणि रस्त्याची वाट बघतायत.

आणि तुम्ही बीडकडचे असाल तर जरा जास्तच सावध राहा. मागची मोजणी २०११ च्या ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. दिवाळी झाली की तुमचे कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, बिऱ्हाडासकट ट्रॅक्टरवर चढतात ते उन्हाळा लागल्यावरच परततात. जो त्या दिवसांत उसाच्या फडावर होता, त्याचं डोकं तिकडच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, मोजलं गेलं. कारखान्याच्या गावाची लोकसंख्या भरली, तुमची वाडी ओसरली. मोजायला आलेल्या मास्तरांनी विचारलं, घरात कोण कोण? आजी म्हणाली, "मी हाय अन् ह्या दोन शेळ्या." शेळ्यांना रकाना नव्हता.

दर साली फेब्रुवारीत ओस पडणाऱ्या वाड्यांची मोजणी फेब्रुवारीतच ठेवणारा माणूस मला एकदा भेटायचाय. चहा पाजीन म्हणतो, वाडीवर बोलावून.

एसटीचं त्यामानाने सोपं आहे. बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट, पाचवी ते बारावीच्या मुलींना पास मोफत. फक्त सहा किलोमीटर चालून फाटा गाठायचा. जनगणनेच्या गावपुस्तिकेत याचीही सोय आहे: गावात बस नसेल तर पाच किलोमीटरच्या आत असल्यास 'ए', पाच ते दहा 'बी', त्यापुढे 'सी'. तुम्ही 'बी'. पावसाळ्यात चप्पल हातात आणि दप्तर डोक्यावर घेऊन जावं लागतं, त्याला अजून अक्षर सापडलेलं नाही. कधीकाळी मुक्कामी गाडी सुरू झालीच, तर भारमान सांभाळा, म्हणजे गाडीतल्या जागा भरलेल्या ठेवा. काम नसलं तरी रोज तालुक्याला जाऊन या. नाहीतर 'भारमान नाही' म्हणून फेरी बंद होईल आणि दोष तुमच्यावर येईल, तुम्ही घरी बसलात म्हणून.

आजारपण आणि बाळंतपण शक्यतो उन्हाळ्यात उरका. रस्ता वाळलेला असतो आणि माणसंही परत आलेली असतात. १०८ ची गाडी फाट्यावर येते, तिथवर बाज आणि चार खांदे लागतात. पावसाळ्यात खांदे असतात, पण पाय गुडघ्यापर्यंत रुततात. हिवाळ्यात वाट चांगली असते, तर खांदे उसाला गेलेले. सुनेला आधीच सांगून ठेवा.

आता पुढची मोजणी २०२७ च्या फेब्रुवारीत आहे. संधी सोडू नका. ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाला आत्ताच विचारून ठेवा, कमी पडणारी आठ माणसं चार दिवस सोडतो का. आगाऊ दिलेल्या उचलीचा हिशेब काढेल, खाड्याचे पैसे कापेल, पण भला माणूस आहे, सोडेल. एवढंच म्हणेल की आपला ट्रॅक्टर फाट्यापर्यंतच येतो, पुढं वाडीला जायचं कसं ते तुमचं तुम्ही बघा.