कायाक, कंबर आणि टाकीवाले काका

समुद्रात चालवायची कायाक, म्हणजे वल्ह्यानं हाकायची अरुंद नाव, पाण्यात बसून बघावी, एवढीच माझी अपेक्षा. पण विकणाऱ्यानं बेळगावच्या टिळकवाडीतल्या आपल्या अंगणात पेरूखाली दोन जुन्या कायाक टायरांवर मांडल्या आणि "बसून बघा की" म्हणून मोकळा झाला. परवाची गोष्ट. डोकं अजून तापतंय.

एक सपाट बुडाची, 28 इंच रुंद. दुसरी गोलसर बुडाची, 22 इंची, साडेसोळा फूट लांब. मला दुसरी हवी होती. तेवढ्यात शेजारचे काका आले. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या विकण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी नाव डावीकडून वाजवली, उजवीकडून वाजवली, खाली वाकून बूड वाजवलं.

"टाकीचाच माल हाय की हो ह्यो!"

आणि ते खरं होतं. पॉलिथिलीनची पूड साच्यात भरायची, साचा भट्टीत फिरवायचा. टाकी तशीच, कायाकही तशीच. काका बरोबर बोलत होते, हाच तर त्रास.

"थर किती? आमच्या टाकीला तीन असतात. आणि उन्हात आवळून बांधू नका, पोक येतंय." हेही खरं. मग, रस्त्यावरच्या भाजीवालीलाही ऐकू जाईल अशा आवाजात, "वजन किती म्हणायचं तुमचं?"

मी शेंगदाण्याएवढा झालो. "लाजायचं काय त्यात? टाकी चढवायच्या आधी आमी स्लॅबची ताकद बघतोच की."

बसलो. कमरेला दोन्हीकडून गच्च. काकांनी नाव धरून हलवली. "ही डुलतीया. ती घ्या, ती हालत न्हाई."

कशी हालेल, टायरावर? सपाट बूड संथ पाण्यात पाटासारखं बसतं, पण आडवी लाट आली की तिच्या उताराबरोबर तेही कलतं, आणि एका हद्दीपलीकडे गेलं की सांगून उलटत नाही. गोलसर बूड आधी डुलतं खरं, पण कलल्यावर सावरून धरतं. टोकं वर उचललेली असली तर वळायला सोपं, पण सरळ चालायला कटकट. वाऱ्यानं तोंड फिरायला लागलं तर बुडातली मागची पट्टी पाण्यात सोडायची. हे सगळं मी त्यांना सांगितलं, नावेत अडकलेल्या अवस्थेत. काकांनी ऐकून घेतलं आणि काखेत हात घालून मला उपसायला लागले. विकणारा हसत फोटो काढत होता. गुडघ्याचं साल गेलं ते वेगळंच.

बाहेर आल्यावर विकणाऱ्याला म्हटलं, चोर्ला घाटानं गोव्यात उतरू, तासभर लाटांत चालवून बघतो, मग पैसे. तर म्हणे, आधी पूर्ण रक्कम. सेकंडहँड स्कूटरसुद्धा लोक गल्लीतून फिरवून घेतात हो! इथं अठ्ठावीस किलोचं धूड न भिजवता घ्यायचं.

"पाणीच पायजे न्हवं?" काका मध्ये पडले. "नळाला परवा येतंय. सकाळी लवकर या, पायपानं मारू."