विमानाच्या पोटातली जागा

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाली आणि तेव्हापासून माझ्या ओळखीच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप गटात एकच आकडा फिरतो आहे: पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवासी आणि सगळे टप्पे पुरे झाल्यावर नऊ कोटी. त्याच प्रकल्पाच्या माहितीत आणखी एक आकडा असतो, पहिल्या टप्प्यात पाच लाख टन माल आणि शेवटी बत्तीस लाख टन. तो मात्र कोणी पुढे पाठवत नाही. मुंबई विमानतळाच्या सहार इथल्या कार्गो संकुलात एअर वेबिलांचे, म्हणजे विमानाने जाणाऱ्या मालाच्या पावत्यांचे, कागद फिरवण्यात माझे अर्धे आयुष्य गेले असल्यामुळे माझी नजर आधी या दुसऱ्या आकड्यावर जाते. या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध काय आणि आपल्याकडे त्यांची सांगड का बसत नाही, याविषयी सविस्तर लिहायचे बरेच दिवस मनात होते.

आधी जगाचा हिशेब पाहू. विमान वाहतूक नुसत्या माणसांच्या संख्येने मोजत नाहीत. किती प्रवासी किती किलोमीटर गेले आणि किती टन माल किती किलोमीटर गेला, असा गुणाकार करून मोजतात. २०१९ मध्ये जगभरात साधारण साडेचारशे कोटी विमानप्रवास झाले, २०२० मध्ये ते एकशे ऐंशी कोटींच्या आसपास आले आणि प्रवासी-किलोमीटर तर दोन तृतीयांशांनी घटले. त्याच वर्षी माल मात्र जेमतेम दहा-अकरा टक्क्यांनी कमी झाला, आणि २०२१ मध्ये तो २०१९ च्याही पुढे गेला. प्रवाशांना २०१९ ची पातळी पूर्णपणे ओलांडायला २०२४ उजाडावे लागले. त्या वर्षी आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या, आकडेवारीनुसार प्रवासी वाहतूक आदल्या वर्षापेक्षा १०.४ टक्क्यांनी आणि मालवाहतूक ११.३ टक्क्यांनी वाढली. विमानातल्या आसनांपैकी ८३.५ टक्के आसने भरलेली होती. हा तोवरचा उच्चांक होता.

प्रवासी आणि माल यांच्या भरती-ओहोटीच्या वेळा वेगळ्या असतात, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. २००८ च्या आर्थिक संकटात माल आधी घसरला, कारण कारखानदार सुटे भाग मागवणे लगेच थांबवतो, तर माणसाने काढून ठेवलेले तिकीट सहसा वापरले जाते. २००९ मध्ये जगाची हवाई मालवाहतूक सुमारे दहा टक्क्यांनी घटली आणि पुढच्याच वर्षी वीस टक्क्यांनी वाढली. प्रवाशांच्या आलेखात इतका खोल खड्डा नव्हता आणि इतकी उंच उडीही नव्हती. व्यापाराची नाडी पाहायची असेल, तर प्रस्थानकक्षातल्या गर्दीपेक्षा मालाच्या शेडमधले शुक्रवार रात्रीचे चित्र अधिक बोलके असते, असे माझे मत आहे. वजनाने पाहिले तर जगाच्या व्यापारातला जेमतेम एक टक्का माल विमानाने जातो. किमतीने पाहिले तर तोच वाटा एक तृतीयांशाच्या घरात जातो.

२०२४ च्या वाढीमागे दोन कारणे ठळक होती. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजांना केप ऑफ गुड होपचा वळसा पडू लागला आणि वेळेला बांधलेला माल समुद्रावरून विमानात आला. शिवाय चीनमधून अमेरिका-युरोपात घरोघरी जाणाऱ्या स्वस्त कपड्यांच्या आणि वस्तूंच्या पार्सलांनी मालवाहू विमानेच्या विमाने भरली. हे दुसरे कारण टिकाऊ नव्हते. छोट्या पार्सलांना असलेली करमाफी अमेरिकेने मे २०२५ मध्ये चीनसाठी आणि ऑगस्टअखेर सगळ्याच देशांसाठी बंद केली. तेव्हा एका वर्षाची ११ टक्के वाढ पुढच्या दहा वर्षांच्या आराखड्यात जशीच्या तशी चिकटवणारा सल्लागार दिसला, तर त्याच्यापासून चार हात दूर राहिलेले बरे.

टक्क्यांबद्दल बोलतोच आहे तर थोडे आणखी. २०२४ मध्ये आशिया-पॅसिफिकच्या कंपन्यांची आंतरराष्ट्रीय प्रवासी वाहतूक २६ टक्क्यांनी वाढली आणि उत्तर अमेरिकेची सात टक्क्यांच्याही आत राहिली, यावरून आशियाने बाजी मारली असे लेख आले. चीनने आपल्या सीमा जानेवारी २०२३ मध्ये उघडल्या, हे त्या लेखांत नव्हते. गमावलेले परत मिळवण्यालाच तिथे वाढ म्हटले जात होते आणि २६ टक्क्यांनंतरही तो प्रदेश २०१९ च्या खालीच होता. आपल्याकडचा घोटाळा वेगळ्या जातीचा आहे. २०२३-२४ मध्ये भारतातल्या विमानतळांवरून ३७ कोटींहून अधिक प्रवासी गेले-आले असे सांगितले जाते. त्यात पुण्याहून दिल्लीला गेलेला माणूस पुण्यात एकदा आणि दिल्लीत एकदा मोजला जातो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देशांतर्गत प्रवासी एकदाच मोजते आणि त्या मोजणीत २०२४ या वर्षाचा आकडा १६ कोटी १३ लाख येतो. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त भाषणात नेहमी पहिलाच घेतला जातो. देशांतर्गत मालही असाच दोनदा मोजला जातो.

ही मोजणी धरूनही सगळ्या भारतातल्या विमानतळांचा मिळून वर्षाचा माल ३७ लाख टनांच्या आसपास आहे, आणि एकट्या हाँगकाँगच्या विमानतळाने २०२४ मध्ये ४९ लाख टन माल हाताळला. देशांतर्गत प्रवाशांच्या बाबतीत आपण जगात तिसरे, आणि मालात एका शहराच्या मागे. सरकारचे उद्दिष्ट २०३० पर्यंत एक कोटी टनांचे आहे. ही दरी कशामुळे, या प्रश्नाला रस्ते, शीतगृहे, कस्टमचा वेळ अशी उत्तरे नेहमी दिली जातात आणि ती खोटी नाहीत. पण सर्वांत मोठे कारण आपल्या विमानांच्या आकारात आहे, असे मला वाटते.

जगातला साधारण निम्मा हवाई माल स्वतंत्र मालवाहू विमानांनी जात नाही. तो प्रवासी विमानाच्या पोटात, प्रवाशांच्या पायाखाली जातो. आमच्या भाषेत याला बेली म्हणतात. लांब पल्ल्याच्या दोन मार्गिकांच्या मोठ्या विमानात, म्हणजे बोइंग ७७७ सारख्या विमानात, प्रवाशांच्या बॅगा भरूनही वीस टनांच्या आसपास माल बसू शकतो. एका मार्गिकेच्या एअरबस ३२० मध्ये बॅगा भरल्यावर जेमतेम दोन-तीन टनांची जागा उरते आणि तीही बहुतेक ठिकाणी हमाल वाकून, एकेक नग आत ढकलून भरतात. मोठे पॅलेट, म्हणजे माल रचून बांधायचा सपाट तळ, तिथे दारातून आतच जात नाही. आपली प्रवासी वाढ जवळजवळ सगळी या दुसऱ्या प्रकारच्या विमानांत झाली आहे. इंडिगोने जून २०२३ मध्ये पाचशे विमानांची मागणी नोंदवली, ती सगळी एका मार्गिकेची. एअर इंडियाच्या त्याच वर्षीच्या ४७० विमानांत मोठी विमाने ७० होती. इंडिगोनेही पुढे मोठी विमाने मागवली आहेत, पण ती हळूहळू येतील. तोवर लंडन, न्यूयॉर्क, टोरांटोला जाणारा आपला माणूस मोठ्या संख्येने दुबई, दोहा किंवा अबू धाबीला उतरून पुढे जातो आणि ज्या विमानात तो बसतो त्याच्या पोटातली जागाही त्या कंपनीचीच असते. प्रवासी आपला, वाढ आपली, आणि मालाची जागा परक्याच्या भाड्याने.

लहान विमान निरुपयोगी आहे असे मला म्हणायचे नाही. १२ जानेवारी २०२१ च्या सकाळी कोविशील्डच्या पेट्या पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून नेहमीच्या प्रवासी कंपनीच्या विमानाने दिल्लीकडे निघाल्या, तेव्हा देशांतर्गत जाळ्याचा उपयोग सगळ्यांनी पाहिला. मोठ्या निर्यातीची गोष्ट वेगळी आहे. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आणि साधारण अडीच किलोमीटर लांबीची. तिच्यावरून भरलेले मोठे विमान थेट युरोपला उडू शकत नाही. म्हणून चाकणचे सुटे भाग आणि पुण्याची औषधे आजही ट्रकने द्रुतगती मार्गावरून मुंबईला येतात. पुरंदरच्या विमानतळाची घोषणा २०१६ ची आहे, आणि त्याबद्दल एवढेच पुरे.

हापूसच्या हंगामात ही गोष्ट डोळ्यांना दिसते. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर विकिरण करावे लागते. लासलगावच्या केंद्रातून २००७ मध्ये ही वाट उघडली आणि आता वाशीला पणन मंडळाचे केंद्र आहे. तिथून अमेरिकी निरीक्षकाच्या शिक्क्यानिशी निघालेला ट्रक संध्याकाळी सहारला लागतो, पेट्यांची एक्स-रे तपासणी होते, पॅलेट रचून वर जाळी ताणली जाते, वजन होते. भाडे वजनावर की आकारमानावर, तर जे जास्त येईल त्यावर. सहा हजार घन सेंटिमीटर म्हणजे एक किलो, असा नियम आहे. मग रात्री लोड कंट्रोलचा, म्हणजे विमानातल्या वजनाचा हिशेब ठेवणाऱ्या विभागाचा, निरोप येतो. मे महिना म्हणजे शाळांना सुट्टी, लग्नसराई, अमेरिकेतल्या मुलांकडे निघालेले आई-वडील. विमानात तीनशे प्रवासी धरले, प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा धरल्या, तर चौदा टन बॅगाच झाल्या. बॅगा प्रवाशाबरोबर गेल्याच पाहिजेत, इंधन कमी करता येत नाही, आणि नियंत्रण राहिले ते फक्त मालावर. दोन पॅलेट ऑफलोड, म्हणजे त्या विमानातून वगळलेली. तो आंबा शीतकक्षात परत जातो, आणि झाडावरून उतरल्यापासूनचे त्याचे दिवस मोजणारा निर्यातदार फोनवर असतो. त्याला मी काय सांगणार? प्रवासी वाढले म्हणून तुमचा माल राहिला, हे उत्तर मी अनेक वर्षे दिले आहे आणि ते कधीच कोणाला पटलेले नाही.

यावर कोणी म्हणेल की जगात मालाची जागा तर निम्म्याहून अधिक रिकामी असते. ते खरे आहे. २०२४ मध्ये मालाच्या उपलब्ध जागेपैकी ४६ टक्क्यांच्या आसपासच जागा भरली. पण ती सरासरी आहे. आशियातून पश्चिमेला जाणारी विमाने गच्च भरून जातात आणि परतताना अर्धवट येतात. उन्हाळ्यात युरोपातल्या पर्यटनस्थळांना मोठी विमाने जातात, जिथून पाठवायला माल नसतो. मालाला परतीचे तिकीट नसते आणि रिकामी जागा चुकीच्या दिशेने उडत असेल, तर रत्नागिरीच्या बागायतदाराला तिचा काही उपयोग नाही. म्हणूनच २०२२ मध्ये आंबा विकिरण करून जहाजाने अमेरिकेला पाठवण्याचा प्रयोग झाला, त्याला मी महत्त्वाचा मानतो. नाशिकची द्राक्षे वर्षानुवर्षे जहाजानेच युरोपला जातात आणि त्यांचा व्यवसाय विमानाच्या मर्जीवर टांगलेला नाही.

स्वतंत्र मालवाहू विमाने हा दुसरा मार्ग. तिथे आपण स्वतःच कुंपण घातले. मालवाहतुकीसाठी आकाश मोकळे ठेवण्याचे धोरण आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून होते. २०२० मध्ये सरकारने परदेशी कंपन्यांची वेळापत्रकाबाहेरची मालवाहू उड्डाणे सहा विमानतळांपुरती मर्यादित केली: दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबाद. देशी कंपन्यांना वाढायला वाव मिळावा हा हेतू समजण्यासारखा आहे. पण या यादीत नागपूर नाही. ज्या शहराला वीस-बावीस वर्षे मिहान प्रकल्पाच्या नावाने बहुविध आंतरराष्ट्रीय मालकेंद्राचे स्वप्न दाखवले गेले, तेच या यादीतून वगळले जाते आणि विधानसभेत त्यावर वादळ उठत नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते. नाशिकजवळच्या ओझरहून एके काळी जिवंत मेंढ्या-बकऱ्या विमानाने शारजाला गेल्या आहेत. गिऱ्हाईक जवळ असेल आणि विमान येऊ दिले, तर लहान विमानतळावरूनही माल उठतो, याचा तो पुरावा आहे. तरीही नागपूरविषयी एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. देशाच्या नकाशाच्या मध्यावर असण्याने मालकेंद्र होत नाही. अमेरिकेतल्या मेम्फिसचे झाले, ते एका कुरियर कंपनीने रात्रीची सगळी विमाने तिथे एकत्र आणायची असे ठरवले आणि दशकानुदशके ते पाळले म्हणून. हाँगकाँगचे झाले, ते पाठीशी शेन्झेन-ग्वांगझूचे कारखाने असल्यामुळे.

नवी मुंबईच्या बाजूने भूगोल आहे, आणि इथे मी आशावादी आहे. वाशीचा बाजार जवळ, जवाहरलाल नेहरू बंदर जवळ, अटल सेतू तयार, पुण्याचा ट्रक घाट उतरला की समोर. मुंबईच्या जुन्या विमानतळावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या असल्याने एका वेळी एकच वापरता येते आणि त्यावरून दिवसाला नऊशेच्या वर विमाने ये-जा करतात; तिथे मालवाहू विमानाला सोयीची वेळ मिळणे अवघडच होते. पण नव्या विमानतळाची सुरुवात देशांतर्गत उड्डाणांनी, म्हणजे लहान विमानांनी झाली आहे. पहिली काही वर्षे प्रवाशांचा आकडा झपाट्याने चढेल, अभिनंदनाचे फलक लागतील आणि पाच लाख टनांच्या क्षमतेचे मालकेंद्र त्या प्रमाणात भरणार नाही. त्याला अपयश म्हणण्याचे कारण नाही, पण नऊ कोटी प्रवासी आले की बत्तीस लाख टन माल आपोआप येईल, या समजुतीवर आज गोदामांच्या जमिनीचे भाव ठरत आहेत. विमानतळाच्या मासिक पत्रकात प्रवाशांच्या एकूण संख्येबरोबर मोठ्या विमानांची थेट उड्डाणे किती, मालवाहू विमाने किती आणि ऑफलोड झालेला माल किती, हे तीन आकडे छापून यावेत अशी माझी मागणी आहे. तिसरा आकडा आजवर कुठल्याच पत्रकात मी छापलेला पाहिलेला नाही.