नाकातली नळी

काल, ३० जानेवारी २०१९ ला, गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांनी राज्याचा अर्थसंकल्प मांडला. नाकात नळी, आवाज खोल गेलेला. जोश भरपूर आहे आणि मी पूर्ण होशमध्ये आहे, असंही म्हणाले.

आमच्या बाबांना तशी नळी दीड महिना होती. नाकाच्या शेंड्यावरची चिकटपट्टी रोज बदलायची, तिच्याखालची कातडी सोलवटलेली. साधा आवंढा गिळला तरी घशाला टोचायचं, डोळ्यांत पाणी यायचं. दोन वाक्यं बोलून बाबा हातानेच ‘पुरे’ म्हणायचे. त्यामुळे काल त्या अर्थसंकल्पातला एक आकडाही माझ्या कानात शिरला नाही.

मी पर्रीकरांच्या पक्षाला, भाजपला, कधी मत दिलेलं नाही. देणारही नाही. २०१७ मध्ये ते संरक्षणमंत्रिपद सोडून गोव्यात परतले आणि सर्वाधिक १७ जागा जिंकलेली काँग्रेस सत्तेविना हात चोळत बसली, तेव्हा मी इथेच तावातावाने लिहिलं होतं. त्यातला शब्दही मागे घेत नाही. पण त्यांच्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या बातमीखाली हसऱ्या बाहुल्या टाकणारी आपल्याच बाजूची माणसं बघून लाज वाटते. एकाने लिहिलंय, ‘बरे व्हा, पण हिशेब द्यायला.’ अरे, त्या ‘पण’च्या आधीच थांबायचं की!

परवा राहुल गांधी त्यांना भेटून आले. बरं वाटलं होतं. आणि कालच पत्रापत्री! भेट पाच मिनिटांची होती, राफेल विमानखरेदीच्या वादाचा विषयही निघाला नाही, असं पर्रीकरांचं म्हणणं. भेटीतलं मी काहीच सांगितलेलं नाही, असं राहुल यांचं. ही पत्रं कोणासाठी लिहिली जातात ते आपल्याला कळतं. पाच मिनिटं तरी नुसती भेट म्हणून राहू द्यायची होती.

मुख्यमंत्री एवढे आजारी असताना कारभार कोण बघतंय, हे विचारायलाच हवं. गोव्यातले विरोधक विचारतातच आहेत. मुख्यमंत्र्यांच्या पक्षाला विचारा ना, खडसावून विचारा. डिसेंबरातला पर्रीकरांचा पुलावरचा फोटो आठवतो? माणसांनी आधार दिलेला, नाकात नळी. तो अभिमानाने फिरवणाऱ्यांचं काळीजही मला कळत नाही.

पर्रीकरसाहेब, आराम करा. ती नळी लवकर निघो.

आमच्या बाबांनी नळी काढल्यावर आधी चहा मागितला होता. अर्धा कप. तो संपवायला त्यांनी वीस मिनिटं घेतली, आणि आम्ही कोणी मध्ये बोललो नाही.